चेनव्हीलची एक बाजू

"उडाली ना? उडणारच होती." बाप खुर्चीतून म्हणाला. आणि वर हसला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"न माहीत असायला काय झालं? इतकी वर्षं हाकलीये मी ती सायकल."

"मग काल तुमच्या नाकासमोर बसून मी चेन टाकत होतो, तेव्हा बोलला का नाहीत?"

"विचारलंस का तू?"

विचारलंस का तू. ही बापाची खास चाल. माणूस सरळ खड्ड्याच्या दिशेनं चाललेला असला तरी हा गप्प बसणार, आणि तो आत पडला की वरून वाकून म्हणणार, विचारलंस का तू. मुलाच्या हातात पाना होता, जड, तोंडाशी झिजलेला. तो कुठेतरी भिरकावून द्यावा असं त्याला फार वाटलं. पण घरात पाना एकच होता आणि दुपारची पाळी डोक्यावर होती, म्हणून त्यानं तो पायपुसण्यावर आपटला. त्याचा आवाजसुद्धा धड झाला नाही.

नडगी सोलली होती. आत्ताच तो नवी चेन टाकलेली सायकल गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आला होता, ऐटीत, सीटवरून उठून, दोन्ही पॅडलवर उभा राहून, आणि पहिला जोर लावला तोच खाली काहीच नव्हतं. चेन उडते म्हणजे फार मोठं काही होत नाही. पाय दाबत असतो, पायाखालचं काहीतरी त्याला उलटं दाबत असतं, आणि मधेच ते उलटं दाबणारं नाहीसं होतं. क्षणभरच. अंधारात जिना उतरताना आणखी एक पायरी आहे असं धरून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं. पडायला होतंच असं नाही. पण पुढची सगळी वाट तो पाय कशावर भरवसा ठेवत नाही. जुनी चेन अधूनमधून उडायची, नवी तर जोर लावला की उडत होती. म्हणजे नवी जुनीपेक्षा वाईट. ह्यात कुठला न्याय, ते त्याला कळेना. कळेनासं झालं की त्याला राग यायचा, राग आला की कान तापायचे, आणि ते नेमकं बापाला दिसायचं.

"कान लाल झाले," बाप म्हणाला. "आता काहीतरी मोडणार."

"तुम्ही गप्प बसा."

"गप्प होतो तर म्हणतोस बोलला का नाहीत. काय ते एकदा ठरव."

आतून भांडी आपटत आई म्हणाली, "झाले सुरू दोघं. अजून चहाची भांडी निघाली नाहीत माझी."

आज सायकल चढावर चालली नाही तर काम जाणार होतं, आणि हे काम गेलं तर आख्खा दिवस ह्या खुर्चीसमोर काढावा लागणार होता. बाकी कशाची त्याला भीती नव्हती, ह्याची होती. रक्त तपासायची एक लॅब होती, तिथं तो होता. शहरातल्या लहान लहान दवाखान्यांतून रक्ताच्या बाटल्या घ्यायच्या, पेटीत उभ्या लावायच्या आणि लॅबवर आणून द्यायच्या. लॅब होती टेकाडावर, मोठ्या हॉस्पिटलच्या मागे, आणि तिथं जायला एक चढ होता, सरळ, निर्लज्ज, कुठं वळण नाही की दम खायला सपाट जागा नाही. परवा त्या चढावर चेन उडाली. तो एका बाजूला, सायकल एका बाजूला, पेटी मधोमध, आणि कोणाकोणाचं रक्त डांबरावरून ओघळत खाली चाललेलं. लॅबवाल्या मॅडम ओरडल्या नाहीत, तेच वाईट होतं. ओरडणाऱ्याला उलटं ओरडता येतं. त्या फुटलेल्या काचांवरच्या चिठ्ठ्या वाचत राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्या सगळ्यांना परत सुई टोचून घ्यावी लागणार, तुझ्यामुळे. ह्यात एक तान्हं बाळ आहे." मग म्हणाल्या, "सायकल नीट कर. परवा दुपारची फेरी घेऊन चढ चढून ये. नाही जमलं तर मी स्कूटरवाला मुलगा ठेवते." तेव्हापासून तिथला काचपट्ट्या धुणारा त्याला बाटली म्हणतो. ए बाटली. आली का बाटली. त्याच्या थोबाडीत द्यायची राहून गेली ती मॅडमच्या 'तुझ्यामुळे' ह्या शब्दामुळे. हात उचलला होता आणि तो शब्द आठवून हात आपोआप खाली आला.

तुझ्यामुळे हा शब्द त्याच्या अंगावर शिवून टाकलेला होता. घरात तो रोज बोलला जात नसे. बोलायची गरजच नव्हती, भिंतीवरच्या घड्याळासारखा तो चालू असायचा. गणिताच्या सरांनी त्याच्या वहीचं मागचं पान वर्गाला उघडून दाखवलं होतं. त्यावर सरांचंच चित्र होतं, आणि हुबेहूब होतं, म्हणूनच सर चिडले. "हा पुढं जाऊन भिंती रंगवणार," सर म्हणाले, "तेही कोणी ठेवलं तर." वर्ग हसला. डस्टर त्याच्या हातात कधी आला ते त्याला कळलं नाही. तो सरांच्या कानाजवळून गेला आणि फळ्यावर आपटून त्याचे दोन तुकडे झाले. बापाला बोलावून घेतलं. बाप कारखान्यातून तसाच आला, तेलाच्या कपड्यात, सायकल थेट पायरीपर्यंत आणून. मुख्याध्यापकांची खोली वरच्या मजल्यावर. मधली सुट्टी झालेली, कठड्यावर सगळी शाळा लोंबकळलेली. हा वर उभा होता आणि बापाचं डोकं खालून वर येताना त्याला दिसत होतं, केस विरळ झालेलं, घामानं चमकणारं. वळणावर बापाचा उजवा पाय खालून निघून गेला. हात कठड्याकडे गेला, पण कठडा हाताला लागलाच नाही. बाप घरंगळत खाली गेला, आणि खाली बसल्यासारखा होऊन राहिला. कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले. त्या हसण्यात आपलंही हसणं होतं का, हे त्याला आजपर्यंत नक्की सांगता आलेलं नाही. तोंड उघडलं होतं एवढं खरं.

त्यानंतर पाय काही नीट झाला नाही. कारखान्यानं घरी बसवलं. बाप दाराजवळच्या खुर्चीत बसला आणि येईल त्याला सांगू लागला, शेजाऱ्याला, मामाला, गॅसवाल्याला: "ह्याच्या शाळेच्या जिन्यानं पाय खाल्ला माझा. ह्याच्यामुळे." गॅसवाला बिचारा टाकी खांद्यावर घेऊन मान हलवायचा. शाळेतून त्याला कोणी काढलं नव्हतं. मुख्याध्यापकांनी उलट निरोप पाठवला, मुलाला पाठवा म्हणून. पण तो जिना रोज चढायचा, त्याच वळणावरून, ते त्याला जमलं नसतं. दोन-तीनदा तो दप्तर घेऊन फाटकापर्यंत गेला आणि तिथून परत आला. मग दप्तर न घेता गेला. मग गेलाच नाही. लोकांना वाटलं, माजलाय. त्यानंही तसं वाटू दिलं. माजलेला म्हटलेलं चालत होतं त्याला.

तर सायकल. सकाळीच तो सोललेल्या नडगीला फडकं बांधून स्पेअरपार्टवाल्याकडे गेला. दुकान कपाटाएवढं, आणि स्पेअरपार्टवाला त्या कपाटात कोंबून ठेवल्यासारखा.

"नवी चेन टाकली तरी उडते," तो म्हणाला.

"मागचं फ्रीव्हील?"

"जुनंच."

"मग उडणारच. न उडून काय करेल बिचारी?" स्पेअरपार्टवाल्यानं दात कोरायची काडी तोंडातून काढली. "हे बघ. चेन, मागच्या चाकाचं दातेरी फ्रीव्हील, पुढचं पॅडलजवळचं चेनव्हील, तिघं एका घरात झिजतात. चेन लांबते, त्या मापानं दात झिजतात. सगळे एकमेकांच्या वाईट सवयींना धरून असतात, म्हणून चालतं. तू मधेच नवी सून आणलीस. कोण घेणार तिला घरात?"

"फ्रीव्हील द्या."

"चेनव्हील पण ने."

"नको. त्याचे दात बरे आहेत."

"सगळीकडून बघितलेस?"

"बरे आहेत म्हटलं ना."

स्पेअरपार्टवाल्याच्या मागे भिंतीला खिळ्यांवर जुनी चेनव्हीलं टांगलेली होती, काळी, धारदार. त्यानं एक काढून काउंटरवर ठेवलं. "हे बघ, इथं दात झिजून आकडे झालेत. आणि बरोबर ह्याच्या समोर, इथं. मधले बघ, ठणठणीत. सगळ्यांचं असंच असतं. एक बाजू उजव्या पायाची, एक डाव्या पायाची. पाय पुढून खाली दाबतो तेव्हा जे दात वर असतात ते मार खातात. मधल्यांना सुट्टी."

"मला शिकवू नका. वेळ नाही."

"शाळेत पण असंच बोलायचास का?" काडी परत तोंडात. "तरीच."

तरीच. काय तरीच? ह्या माणसाला काय माहीत होतं? काही नाही. तरी बरोबर तिथंच बोट घातलं. लोक आंधळेपणानं दगड मारतात आणि तो आपल्यालाच कसा लागतो, ह्याचं त्याला नवल वाटायचं. फ्रीव्हील आणि ते खोलायचा खाचांचा लोखंडी तुकडा घेऊन तो निघाला, आणि रस्ताभर मनातल्या मनात स्पेअरपार्टवाल्याला उत्तरं देत राहिला, एकापेक्षा एक चांगली. घर आलं तेव्हा सगळ्यात चांगलं सुचलं, आणि तेव्हा समोर बाप होता.

जुनं फ्रीव्हील हलेना. चाक काढून त्यानं दारातल्या पॅसेजमध्ये आडवं ठेवलं, तुकडा खाचांत बसवला, त्यावर पाना, आणि पान्याच्या दांड्यावर नळाच्या पाइपचा एक तुकडा, जोर वाढावा म्हणून. इतकी वर्षं पॅडलवर जो पाय पडला होता, त्यातल्या प्रत्येक दाबानं हे आटे आणखी घट्ट केले होते. बापाचा सगळा प्रवास आवळून ह्या एवढ्याशा आट्यांत बसवलेला, आणि तो आता ह्याला उलटा खोलायचा. आईला त्यानं चाक धरायला बसवलं. तिनं साडी गुडघ्यात खोचली आणि टायर कवटाळलं.

"विचार ना त्यांना, कुठल्या बाजूला फिरवायचं ते," ती हळूच म्हणाली.

"नाही विचारणार."

"तोंड झिजतं का विचारलं तर?"

"नीट धर. हलतंय."

बाप खुर्चीतून बघत होता. त्याच्या बघण्याला वजन होतं. मानेवर कोणीतरी ओला टॉवेल टाकून ठेवल्यासारखं वाटायचं. हा पाइपवर झुकला, सगळं अंग टाकलं, आणि जोर लावता लावता त्याला उगाचच ते छोटं सीट आठवलं. पुढच्या दांड्यावर बसवलेलं, गोल, लाल रेक्झिनचं, त्याच्यासाठी. तो इतका लहान होता की पाय लोंबायचे आणि हँडलची घंटी त्याच्या हनुवटीला लागायची. मागून बापाची छाती, तेलाचा आणि पत्र्याचा वास. बाप डब्यांची झाकणं कापायच्या मशीनवर होता. आणि सायकल चालायची ती अशी: एक ढकल, एक गप्प. एक ढकल, एक गप्प. ढकल आली की त्याचं डोकं मागे जाऊन बापाच्या बटणांवर आपटायचं, गप्प आली की पुढे यायचं. त्याला वाटायचं, सायकलचं चालणं असंच असतं. तो त्या तालावर काहीतरी बडबडायचा, आणि बाप त्याच्या डोक्यावर हनुवटी ठेवून हुंकार द्यायचा. पुढं तो मोठा झाला, एका मित्राची सायकल घेऊन शिकला, तेव्हा ती सायकल सरळ, सलग, पाण्यासारखी चालली आणि त्याला वाटलं, ही बिघडलेली आहे.

कडाड् असा आवाज झाला. आई किंचाळली. फ्रीव्हील सुटलं होतं, पाना सटकून त्याची बोटं फरशीवर घासली गेली.

"मोडलं?" बापानं विचारलं, आशेनं.

"सुटलं."

बाप वाकून सुटलेलं फ्रीव्हील बघायला लागला. एवढ्यानंसुद्धा त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा राग आला.

नवं फ्रीव्हील बसवलं, चाक चढवलं, चेन ओढून नट आवळले. सायकल उलटी ठेवून हातानं पॅडल फिरवलं. मागचं चाक भिरभिरलं, छान, गप्प. आणि मग कट्. पुन्हा फिरवलं. कट्. एका फेरीला एकदा. तो कान लावून बसला. चेनमध्ये दोष असता तर आवाज जागा बदलत राहिला असता. हा बदलत नव्हता. पॅडलच्या प्रत्येक फेरीला, एकाच जागी, कोणीतरी जिभेनं टाळूला चुकचुकावं तसा. त्यानं भिंतीवर खडूनं काढलेल्या कुठल्यातरी जुन्या क्रिकेटच्या स्टम्पांखालून खडूचा तुकडा उचलला आणि आवाज आला की चेनव्हीलवर रेघ मारत गेला. रेघा सगळ्या एकाच बाजूला पडल्या. वाकून बघितलं. तिथले दात दात राहिलेच नव्हते, पुढं वाकलेले, पातळ आकडे झाले होते. चेनची कडी त्यांच्यात अडकायची आणि सुटताना कट् करायची. कालपासून त्यानं फक्त वरची बाजू बघितली होती, ठणठणीत होती म्हणून सोडून दिलं होतं. सगळीकडून बघितलेस? तो चाटच पडला. मग त्यानं समोरची बाजू बघितली, स्पेअरपार्टवाल्यानं दाखवली होती तशी. तिथं झीज नव्हती. दात जाड, चौकोनी, जवळजवळ नवे. त्याला वाटलं आपलं चुकतंय. फडक्यानं पुसून पुन्हा बघितलं. एकच बाजू. सगळ्यांचं दोन बाजूंनी झिजतं, ह्याचं एकाच बाजूनं.

त्यानं सायकल सुलटी केली, भिंतीला टेकवली, आणि पॅडल हळूहळू फिरवत खडूच्या रेघा वर आणल्या, जिथं चेन ओढ घेते तिथं. थांबला. डावं पॅडल पुढं होतं, आडवं, पायाची वाट बघत असल्यासारखं. उजवं मागे. पुन्हा फिरवलं, पुन्हा रेघा वर आणल्या. डावं पुढं. मग उजवं पॅडल पुढं आणून बघितलं, आणि वर आले ते नवेकोरे दात, कधी कोणाचा मार न खाल्लेले. तो पॅडलांकडे बघायला लागला. रोज त्यांच्यावर पाय ठेवून त्यानं ती कधी बघितली नव्हती. डाव्याचं रबर गुळगुळीत, मधे खड्डा पडलेला, टाचेएवढा. उजव्या रबरावर अजून नक्षी होती. कंपनीची अक्षरंसुद्धा वाचता येत होती.

एक ढकल, एक गप्प.

त्याच्या हातातला खडू पडला. कारखान्यात तो एकदा बापाचा डबा द्यायला गेला होता. बाप मशीनसमोर तिरका बसला होता, सगळे सरळ आणि हा एकटा तिरका, कारण सगळ्यांच्या मशीनचं पायानं दाबायचं पॅडल उजवीकडे होतं आणि ह्याचं डावीकडे सरकवून घेतलेलं. तेव्हा त्याला वाटलं होतं, आपला बाप काहीतरी वेगळा, खास आहे. सिग्नलला बाप नेहमी डावा पाय टेकवायचा. जिन्याच्या पायरीला खेटून सायकल उभी करायचा. देवळात नाही, लग्नात नाही, कुठंच चालत यायचा नाही, "तुम्ही व्हा पुढं, मी सायकलनं येतो." सगळं समोर होतं, डोळ्यांदेखत, उघडं.

"बाबा," तो म्हणाला. मान वर न करता. "उजवा पाय कधी गेला?"

"सगळ्या शाळेला माहीत आहे. तुला माहीत नाही का?"

"त्याच्या आधी."

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

"त्या दिवसापासून तुम्ही ह्या सायकलला हात लावलेला नाही. मग ही एका पायानं कोणी झिजवली? मी चालवतोय ती दोन पायांनी. दात लोखंडाचे आहेत. एवढे झिजायला वर्षं लागतात, बाबा. मी त्या छोट्या सीटवर बसायचो तेव्हाच गेलेला होता पाय. हो ना?"

"लोखंड काय," बाप म्हणाला, "तू बोलवशील ते बोलेल."

आई बाहेर आली. हात ओले, साबणाचे. ती दोघांच्या मधे उभी राहिली नाही, दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. "अरे, त्यांना कोणी ठेवलं नसतं कामावर," ती म्हणाली. "लंगडतो म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी घरी पाठवतात तिथं."

म्हणजे हिला माहीत होतं. रोज तेल लावून तो पाय चोळून देणारीला माहीत नसणार तर कोणाला. गॅसवाल्यासमोर, मामासमोर, ह्याच्यामुळे, ह्याच्यामुळे, तेव्हा ती तिथंच असायची, चहाचे कप हातात घेऊन. त्यानं तिच्याकडे बघितलं, तर ती हात पुसायला लागली, आधीच पुसलेले.

"चालताना दिसलं असतं," बाप एकदम म्हणाला. त्याच्या आवाजात लाज नव्हती, उलट एक विचित्र ऐट होती. "म्हणून चाललोच नाही. सायकलवर कोण लंगडतं? फाटकातून आत, शेडमधून थेट मशीनपर्यंत. साहेब म्हणायचे, ह्याची सायकल बांधून ठेवा रे. हसायचे सगळे. कळलं का एकाला तरी? शेवटपर्यंत नाही कळलं."

"आणि मग शाळेत जिना आला."

"पडलो ना मी? खोटं पडलो का?"

"खरं पडलात. पण पाय आधी गेला होता."

"मग काय सांगणार होतो लोकांना?" बाप खुर्चीचे हात धरून पुढं झुकला. "इतकी वर्षं फसवलं म्हणून सांगू? कशानं तरी गेला असं सांगावं लागतं माणसाला. नुसताच गेला, चालत नाही ते. कोणी ऐकून घेत नाही."

"मग मीच का?"

बापानं उत्तर द्यायला वेळ घेतला नाही. "तू समोर होतास."

पाना पायाशीच होता. आई पान्याकडे बघत होती, बापही. दोघांनाही वाटत होतं तो आता उचलणार. त्यालाही वाटत होतं. कान मात्र गार होते. त्याला कळेना हे काय झालंय. किती दिवस त्याला वाटत आलं होतं की हे ओझं कोणी उतरवलं तर आपण उड्या मारू. आणि आता खरोखर उतरलं तर पायाखाली तेच झालं, चेन उडताना होतं ते. इतके दिवस तो त्या शब्दावर पाय दाबून उभा होता, आणि तो शब्द त्याला उलटा दाबत होता, आणि आता तिथं काहीच नव्हतं. शाळा नव्हती, आणि शाळा नसायचं कारणही नव्हतं. दप्तर घेऊन फाटकावरून परत फिरलेला तो मुलगा उगाचच परत फिरला होता. त्याला कोणी हाक मारू शकलं असतं. ह्याच घरातून, ह्याच खुर्चीतून. एक वाक्य पुरलं असतं.

त्यानं पाना उचलला. आईनं तोंडावर हात नेला. तो खाली बसला आणि चेनव्हीलचे नट सोडायला लागला.

ते पाच नटांवर बसवलेलं होतं. नट गंजलेले, पण आले. चेनव्हील मोकळं झालं तसं त्यानं ते हातात गोल फिरवून बघितलं. नवं आणायला वेळ नव्हता. पण झिजलेली बाजू एकच होती. ती जर एका भोकानं पुढं सरकवून बसवली, तर ते दात वर येतील तेव्हा पॅडल आडवी नसतील, उभी असतील, एक वर एक खाली. तेव्हा कुठल्याच पायाचा जोर नसतो. आकडे तिथं खुशाल कटकट करू देत. जोराच्या वेळी दोन्ही पायांना चांगले दात मिळतील. त्यानं खडूनं फरशीवर एक गोल काढला, त्यावर पॅडल, त्यावर रेघा, आणि गोल फिरवल्यासारखा करून पुन्हा काढला. गणिताच्या सरांचा चेहरा आला डोळ्यांसमोर, तो त्यानं खडूच्या रेघेखाली घालवला. बाप मान लांब करून फरशीकडे बघत होता. एकदा त्याचं तोंड उघडलं.

"तू बोलू नकोस," तो म्हणाला.

"बापाला तू म्हणतोस?" आई म्हणाली, पण हळू, सवयीनं.

चेनव्हील बसलं. चेन चढवली. सीटवर बसून भिंतीला धरून त्यानं पुढचा ब्रेक दाबला आणि उजव्या पॅडलवर सगळं वजन टाकलं. धरलं. मग डाव्यावर. धरलं. मागचं चाक फरशीवर चीं करून सरकलं, पण पायाखालचं काही नाहीसं झालं नाही. फोन वाजला. लॅबमधून, तो काचपट्ट्यावाला.

"ए बाटली, निघालीस का? पहिला दवाखाना वाट बघतोय. मॅडम विचारतायत, येतोयस का स्कूटरवाल्याला सांगू."

"येतोय म्हणून सांग. आणि मला बाटली म्हणू नको."

"मग काय म्हणू?"

त्यानं फोन बंद केला, तोंडावर पाणी मारलं, पेटीचा पट्टा कॅरियरला आवळला. फरशीवर तेलाचे डाग, काळी फडकी, जुनं फ्रीव्हील, खडूचे गोल, सगळं तसंच पडलं होतं. ते आज तो उचलणार नव्हता. आईनं रुमाल पुढं केला, बोटांना बांधायला. तो त्यानं घेतला, तिच्याकडे न बघता.

"रात्री येशील ना?" तिनं विचारलं.

"माहीत नाही."

सायकल उंबऱ्यावरून खाली घेताना खुर्चीला घासून गेली, कारण दारात तेवढीच जागा होती. बापानं पाय आत घेतला, डावा. उजवा हातांनी उचलून आत घेतला. इतक्या दिवसांत त्यानं हे कधी कोणासमोर केलं नव्हतं.

"ते नट," बाप म्हणाला. हँडलकडे बघत म्हणाला. "चढ लागायच्या आधी एकदा उतर आणि परत आवळ. पहिल्या जोरात बसतात ते. बसले की सैल होतात."

"विचारलं का मी?"

पण पाना त्यानं खिशात टाकला, बापाला दिसेल असा. मागून बाप आणखी काहीतरी म्हणाला, त्याच्या नावानं सुरुवात करून, आणि आई म्हणाली, अरे ऐक तरी. ऐकायला थांबलं तर ते काय आहे हे कळेल, आणि कळलं तर खाली बसावं लागेल, त्या तेलात, त्या दोघांच्या मधे. पहिला दवाखाना वाट बघतोय. तिथून चढ. त्याच्या आधी एकदा उतरायचंय. नाही, वेळ नाही, त्याला निघायला हवं आता.